दिगू चौगुले आणि त्याला ओळखणारे

माणूस जिवंत असतो तेव्हा त्याच्याबद्दल बोलायला कुणाला वेळ नसतो. तो गेला, आणि तोही मिलिटरीच्या वर्दीत गेला, की मग बघा! जो तो उठतो आणि किस्सा सांगतो. आणि गंमत म्हणजे प्रत्येक किश्शात गेलेला माणूस कोपऱ्यात असतो, मध्ये सांगणारा उभा!

परवाचंच सांगतो. दुबईत, देऱ्यात, आमच्या ऑफिसखालच्या कॅफेटेरियात कडक चहा पीत बसलो होतो. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ दुसऱ्याला दिगू चौगुलेबद्दल सांगत होते. म्हणे दिगू दर गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा. म्हणे यांनीच त्याला पहिले फुटबॉलचे शूज घेऊन दिले. म्हणे यांनीच त्याच्यातला प्लेयर ओळखला. मी ऐकून घेतलं. मग खुर्ची वळवली आणि म्हटलं, "साहेब, तुम्हाला कधी ग्राउंडवर पाहिलं नाही."

"तुम्ही कोण?"

"मी त्याचा गोलकीपर."

अर्धा चहा टाकून उठले!

तर डोकं फिरलंय म्हणून सांगतो. दिगूचे किस्से आता दुबईभर झालेत आणि रोज एक नवीन निघतोय. जे खरे आहेत ते आमच्या टीमकडे आहेत. ते तरी सरळ सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी काय वाट्टेल ते सांगितलं तर तुम्हाला कळेल.

*

आमची टीम म्हणजे जबल अलीच्या लेबर कॅम्पमागे वाळूत खेळणारी माणसं. मी देऱ्यात फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतो. नाम्या, म्हणजे नामदेव, जबल अलीत एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. आमच्या शिपमेंटच्या निमित्ताने त्याची माझी ओळख झाली, आणि दोघांनाही फुटबॉलचं वेड निघालं. बाकी कॅम्पातलीच पोरं. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. उन्हं चढायच्या आत खेळायचं, मग घामेजलेल्या अंगाने बसून कांदा कापून भेळ खायची. फुटबॉल कमी, भेळ जास्त!

एका शुक्रवारी लाइनीबाहेर एक पोरगा येऊन उभा राहिला. कंपनीचा निळा कव्हरॉल, पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. ड्युटी संपवून तसाच आलेला. म्हणाला, "एक माणूस कमी हाय काय?"

नाम्याने ओळखलं. त्याच्याच गावाकडचा, गडहिंग्लजच्या बाजूचा. आता तिकडे फुटबॉल म्हणजे काय असतं ते तिकडच्या माणसालाच विचारा. इतर गावांत पोरं बॅट मागतात, तिकडे पोरगं चालायला लागलं की बॉल मागतं.

दिगूने शूज काढून बाजूला नीट जोडून ठेवले आणि अनवाणी आत आला. पहिलाच बॉल डाव्या पायावर घेतला आणि मारला. मी गोलात. बॉल मला दिसला तो माझ्या बोटावर आपटल्यावर! करंगळीशेजारचं बोट मोडलं. मी वाळूत बसून ओरडतोय, सगळे गोळा झालेत, आणि हा नवा पोरगा डोकं खाजवत म्हणतो,

"आता गोलकीपर बी कमी पडला की!"

क्लिनिकपर्यंत बसमध्ये माझा हात वर धरून बसला होता. सूज येऊ नये म्हणून. सगळा रस्ता. एकदाही हात खाली केला नाही.

*

त्याच्या कंपनीत त्याची पोस्ट होती हेल्पर. म्हणजे खोके उचलायचे. पण इंटर-कंपनी टूर्नामेंट आली आणि मॅनेजरला अचानक शोध लागला की आपल्या हेल्परला खेळता येतं. मॅनेजर स्वतः कॅम्पवर आला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हबीबी, कप ला दो, तुमको फोर्कलिफ्ट का लायसन्स कंपनी करवा देगी. प्रॉमिस!"

दिगूने कप आणला. फायनलला दोन्ही गोल त्याचे. मॅनेजर मैदानात नाचला, त्याला मिठी मारली, फोटो काढले. लायसन्सचं काय? इन्शाल्ला! दर महिन्याला इन्शाल्ला! वर्षभर तो खोकेच उचलत होता.

कपचा फोटो मोठा करून रिसेप्शनला लावला. आम्हाला उत्सुकता. एक दिवस मी डॉक्युमेंट्स द्यायला तिथे गेलो आणि बघितलं. मधोमध मॅनेजर, हातात कप. एका बाजूला एचआर, दुसऱ्या बाजूला फायनान्स. आणि फोटोच्या अगदी कडेला एक कोपर. कापलेलं. कव्हरॉलची निळी बाही आणि कोपर, बस!

माझं डोकं सटकलं. तिथूनच दिगूला फोन लावला. म्हटलं, "अरे, तुला कापून टाकलंय!"

तो हसायला लागला. "कोपर ठेवलंय न्हवं? मग? गोल काय कोपरानं मारला होता व्हय?"

मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

*

दुबईत आपलं एक मराठी मंडळ आहे. नाव घेत नाही. अध्यक्ष सबनीस साहेब, ट्रेडिंगचा मोठा बिझनेस. गणपती, दिवाळी पहाट, लावणी नाइट, सगळं जोरात. एका वर्षी त्यांनी फुटबॉल टूर्नामेंट काढली. शाळेचं हिरवंगार टर्फ भाड्याने घेतलं. आम्ही टीमचं नाव दिलं. आमची पोरं इतकी खूश, की नाम्याने सगळ्यांचे मोजे धुऊन आणले!

गेटवर आम्हाला अडवलं. सेक्रेटरी आला आणि मला बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही चालाल. पण कॅम्पमधली मुलं... कसं आहे, फॅमिली इव्हेंट आहे. लेडीज असतात. आम्ही फक्त प्रोफेशनल्ससाठी ठेवलंय."

म्हटलं, "तेही मराठीच आहेत की."

"हो हो, प्रश्नच नाही! आपलेच आहेत. व्हॉलंटियर म्हणून येऊ देत की!"

मी तिथेच भांडण काढणार होतो. दिगूने माझा दंड धरला. "आत तरी जाऊया. टर्फ बघू कसलं असतंय." आणि त्याने तो पिवळा टी-शर्ट चढवला, पाठीवर व्हॉलंटियर लिहिलेला. खुर्च्या मांडल्या. पाण्याचे कॅन वाहिले. ज्या टर्फवर त्याने खेळायला हवं होतं, त्याच्या कडेने दिवसभर केळी वाटत फिरला. 

सेमीफायनल चालू होती. सबनीसांच्या स्वतःच्या टीमची. कुणीतरी भलताच शॉट मारला आणि बॉल पार कॉर्नर फ्लॅगच्याही मागे, खुर्च्यांच्या रांगेत आला. दिगू तिथे केळ्यांचा खोका घेऊन उभा. त्याने खोका खाली ठेवला, दोन पावलं मागे घेतली आणि मारला. बॉल हवेत वळला. वळत वळत गेला आणि थेट जाळीत! तिथून! ज्या कोनातून गोलपोस्ट नुसता काठीसारखा दिसतो तिथून!

सगळी पब्लिक उभी राहिली. टाळ्या थांबेनात. लहान पोरं 'वन्स मोअर' ओरडायला लागली. आणि माइकवरून सबनीस साहेबांचा आवाज आला: "व्हॉलंटियर्सना विनंती आहे, कृपया बॉलला हात लावू नये!"

दिगू तिथूनच ओरडला, "हात कुठं लावलाय? पाय लावलाय!"

*

आता खोर फक्कानचा किस्सा ऐका. तिथल्या पोर्टमधल्या मल्याळी पोरांची एक टीम आहे. कॅप्टन कुट्टीभाई, क्रेन ऑपरेटर. मिशी एवढी की हेडिंग करताना आधी मिशी लागते. त्यांनी आम्हाला फ्रेंडली मॅचला बोलावलं. कंपनीच्या पिकअपमध्ये कोंबून गेलो. वाटेत डोंगर लागले तसा दिगू खिडकीला चिकटला. म्हणाला, "झाडं न्हाईत, पन डोंगर तर हाय! लई दिवसांनी डोंगर बघितला."

मॅच आम्ही हरलो. किती गोलांनी ते विचारू नका, मी गोलकीपर होतो. आमचा एकमेव गोल दिगूचा. मॅचनंतर कुट्टीभाई थेट त्याच्याकडे आला. म्हणाला, "भाई, तुम हमारे साथ खेलो. जॉब हम देखेगा, रूम हम देगा. खाना भी."

दिगूने आमच्याकडे बोट दाखवलं. "और ये लोग?"

कुट्टीभाईने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या पोटावर जरा जास्त वेळ थांबला. मग दिगूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ये लोग बहुत अच्छा आदमी है. फुटबॉल नहीं है!"

आम्ही पोट धरून हसलो. पण परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये दिगू सोडून सगळे खाली बघत होते. कुणाचं डोकं कशात होतं ते मला माहीत आहे. केरळच्या माणसाला एका मॅचमध्ये जे दिसलं, ते आपल्या माणसांना दिवसभर समोर केळी वाटताना दिसलं नव्हतं! कुट्टीभाईकडे तो गेला नाही. आम्ही सांगितलं जा, तरी नाही.

*

मग एक दिवस त्याने जाहीर केलं की आपण चाललो. मिलिटरीत.

नाम्याच्या खोलीवर आम्ही सगळे बसलो होतो. कुणी म्हणालं येडा झालास का, लोक गावाकडून दुबईला यायला धडपडतात आणि तू दुबईहून भरतीला निघालास? दिगू म्हणाला, "वय हाय अजून. ह्या वर्साला गेलो तरच. मागच्या दोन भरतीला धावन्यात पास झालो, छातीत नापास. आता खोकी उचलून उचलून छाती झालीया."

मी विचारलं, "पण का जातोस?"

तो जे म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण पुढे त्याचं लोकांनी काय केलंय ते तुम्हाला कळायला हवं. तो म्हणाला, "रेजिमेंटची टीम असतीया. रोज सकाळी प्रॅक्टिस. बूट त्यांचे, बॉल त्यांचा. आनि खेळायचा पगार मिळतोय! अजून काय पायजे?"

बस, एवढंच. छाती बडवून घेतली नाही, घोषणा दिली नाही. त्याला खेळायचं होतं. इथे कुणी खेळू दिलं नाही, म्हणून तो तिकडे गेला.

त्याच आठवड्यात मी कामानिमित्त सबनीस साहेबांच्या ऑफिसात होतो. ते आमचे क्लायंट. बोलता बोलता विषय निघाला. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "तो केळीवाला? आर्मीत? मूर्ख आहे! इथे राहिला असता तर माणूस झाला असता."

हे वाक्य मी स्वतःच्या कानाने ऐकलंय.

*

दिगू भरती झाला. ट्रेनिंग झालं. रेजिमेंटच्या टीममध्ये लेफ्ट विंगला लागला. फोनवर त्याचा आवाज असा यायचा की जणू हाच माणूस दुबईत आहे आणि आम्ही खोकी उचलतोय! मग त्याचं युनिट वर गेलं, बर्फात. तिथून क्वचित व्हिडिओ कॉल लागायचा. एकदा लागला तर मागे सगळं पांढरं आणि चार जवान हे जाडजूड बूट घालून बॉलमागे पळतायत. नाम्या म्हणाला, "तिथं बी खेळतोस?"

"खेळतोय, पन बॉल पांढरा हाय रं! एकदा मारला की सापडतच न्हाई. काळा रंग मारायला पायजे."

आम्ही म्हटलं पाठवतो काळा बॉल. खरंच पाठवायचं ठरवलं होतं.

बर्फाचा कडा पोस्टवर कोसळला. गोळी नाही, लढाई नाही, बर्फ. तो आणि त्याच्याबरोबरचे काही जण.

नाम्याला गावाहून फोन आला तेव्हा तो ड्युटीवर होता. त्याने फोर्कलिफ्ट थांबवली आणि सुपरवायझरकडे गेला. आजचा दिवस सुट्टी द्या म्हणाला.

सुपरवायझर आपलाच, हिंदुस्थानी. विचारतो, "ब्लड रिलेशन है?"

नाम्या म्हणाला, "भाई था."

"सगा भाई? सेम फादर?"

"नहीं. सेम टीम."

सुपरवायझर म्हणाला, "यल्ला, यल्ला, काम करो. कंटेनर खडा है."

नाम्याने फोर्कलिफ्टची चावी काढली, त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "खलास." चालत ग्राउंडवर आला. मी देऱ्याहून मेट्रो आणि टॅक्सी करत पोचलो, तर सगळी टीम आधीच वाळूत बसलेली. कुणी कुणाला फोन केला नव्हता. कुट्टीभाई खोर फक्कानहून निघाला होता, तो संध्याकाळी पोचला. तो आल्यावर नाम्या पहिल्यांदा रडला. 

*

आणि मग मंडळाने शोकसभा ठेवली!

हॉल मोठा, एसी फुल. स्टेजवर बॅनर. 'वीर शहीद दिगंबर चौगुले, आपल्या दुबईचा सुपुत्र.' मधोमध हार घातलेला मोठा फोटो. मी नाम्याबरोबर आत शिरलो आणि नाम्या दारातच थबकला. मला म्हणाला, "मंदारभाऊ, हा तर मी हाय!"

खरंच नाम्या होता! आमच्या टीमचा एक ग्रुप फोटो यांना कुठून तरी मिळाला, त्यातला दिगू कोण हे एकाही शहाण्याला माहीत नव्हतं. विचारायचं तरी! त्यांनी दिसायला जरा बरा बघून नाम्याला उचलला, मोठा केला आणि हार घातला.

स्टेजजवळ सबनीसांची मुलगी उभी होती, इथेच वाढलेली, इव्हेंटचं सगळं तीच बघत होती. मी तिला म्हटलं, "अगं, हा फोटो चुकीचा आहे. हा माणूस जिवंत आहे. हा बघ, इथे उभा आहे!"

तिने नाम्याकडे बघितलं, बॅनरकडे बघितलं आणि म्हणाली, "ओह नो. बट अंकल, इट्स ऑलरेडी प्रिंटेड."

तोपर्यंत तो बॅनर व्हॉट्सॅपवरून गावाला पोचला होता. नाम्याची म्हातारी आई तिकडे छाती पिटत होती. नाम्या सभेच्या बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहून फोनवर ओरडत होता, "आई, मी बोलतोय! अगं मीच बोलतोय! मेलेला माणूस फोन करतोय व्हय?"

आत सबनीस साहेबांचं भाषण सुरू झालं. म्हणाले, दिगंबर मला मुलासारखा होता. म्हणाले, तो आर्मीत जायचं म्हणाला तेव्हा मीच त्याला सांगितलं, जा बेटा, देशाला तुझी गरज आहे!  मग म्हणाले, शत्रूच्या गोळ्या छातीवर झेलत आमचा दिगंबर...

मागून आवाज आला, "साहेब, तो बर्फात गेला."

नाम्या फोन संपवून आत आला होता. सगळ्यांनी माना वळवल्या. आणि तिथे बसलेल्या काही लोकांनी बॅनरवरचा फोटो बघितला, मग नाम्याला बघितलं, आणि त्यांचे चेहरे पांढरे पडले!

सबनीस साहेब जरा चाचरले. "हो, पण... भावना समजून घ्या."

"भावना तुमची असंल," नाम्या म्हणाला. "मरान त्याचं हाय. त्याला हात लावू नका."

आम्ही उठून आलो. मागे दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती एका मिनिटातच उरकली असं नंतर कळलं. हॉलची वेळ संपत आली होती म्हणे.

*

वर्ष सरलं. मंडळाने टूर्नामेंट जाहीर केली. 'शहीद दिगंबर चौगुले स्मृती चषक.' तेच टर्फ. प्रमुख पाहुण्या 'वीरमाता', म्हणजे दिगूची आई. तिचं तिकीट, हॉटेल, सगळं मंडळाने केलं. तिला नाव आहे, हौसाबाई. काजूच्या कारखान्यात सोलणीचं काम करते. पण पोस्टरवर नाव कुठेच नाही. नुसतं वीरमाता.

आम्ही टीमचं नाव द्यायला गेलो. सेक्रेटरी तोच. तेच हळू आवाजात बोलणं. "कसं आहे, या वेळी कॉन्सुलेटचे लोक येणार आहेत. ओन्ली प्रोफेशनल्स."

मी विचारलं, "दिगू जिवंत असता तर त्याला खेळायला मिळालं असतं का या दिगूच्या कपमध्ये?"

तो म्हणाला, "तुम्ही फार इमोशनल होताय."

होतोय! झालोच आहे! त्या दिवसापासून मी इमोशनलच आहे.

हौसाबाईंना भेटायला हॉटेलवर गेलो तर खाली लॉबीतच अडवलं. शेड्यूल पॅक्ड आहे म्हणे. नंतर तिच्याकडूनच कळलं, तिला मॉल दाखवला, उंच टॉवर दाखवला, कारंजं दाखवलं. प्रत्येक ठिकाणी ती एकच विचारायची, "दिगू हितं यायचा?" आणि बरोबरचे म्हणायचे, "हो आई, नेहमी!" ती म्हणाली दिगूची खोली बघायची आहे, जिथे तो झोपायचा ती. तर म्हणाले, "आई, ते फार लांब आहे." टॉवर लांब नव्हता, खोली लांब!

फायनलच्या दिवशी कुट्टीभाईसकट आम्ही सगळे गेटबाहेर पार्किंगमध्ये उभे होतो. आत सोडत नव्हते, पण आम्हाला निदान तिला लांबून बघायचं होतं. जाळीतून सगळं दिसत होतं. बँड वाजला. कॉन्सुलेटचे पाहुणे सोफ्यावर बसले. दोन्ही टीम रांगेत. मग माइकवर घोषणा झाली की वीरमाता बॉलला पहिला पाय लावून सामन्याचं उद्घाटन करतील.

हौसाबाई मैदानाच्या मध्यावर आली. हिरवं लुगडं, पायात चपला. फोटोग्राफर पुढे सरसावले. सबनीस साहेब वाकून म्हणाले, माइक चालूच होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं, "आई, हळूच ढकला. एकदम हळू. कॅमेऱ्याकडे बघा."

ती बॉलकडे बघत होती. मग दोन्ही टीमच्या रांगांकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेक चेहरा. म्हणाली, "ह्यांतला नाम्या कोण?"

"कोण?"

"नाम्या. फोनवर नाव सांगायचा दिगू. नाम्या, आनि मंदारभाऊ गोलकीपर. आनि तो मिशीवाला."

सबनीस साहेब म्हणाले, "ते... आज नाही आले ते."

नाम्याने जाळीला हात घातले आणि हंबरडा फोडल्यासारखा ओरडला, "मावशी! आम्ही हितं हाय! भाईर!"

हौसाबाईने आवाजाच्या दिशेने बघितलं. वाकली. बॉल उचलला, लेकरू घेतात तसा काखेत मारला आणि चालायला लागली. टर्फवरून सरळ, सोफ्यांच्या समोरून, सगळ्यांच्या देखत. मागे सबनीस साहेबांची पळापळ. "आई! अहो आई! बॉल! बॉल तेवढा द्या! फायनल आहे!" तिने मागे वळून बघितलं नाही. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने तिला एकदा बघितलं, आणि न सांगता गेट उघडलं.

बाहेर आली. नाम्याच्या तोंडावरून हात फिरवला. कुट्टीभाईकडे बघून म्हणाली, "हा मिशीवाला व्हय." त्याला एक अक्षर कळलं नाही, तरी तो खाली वाकून तिच्या पाया पडला. मला म्हणाली, "बोट बरं झालं का रं?"

 मी नुसता हात पुढे केला.

तिने पार्किंगवर नजर टाकली. दोन गाड्यांच्या मधली मोकळी जागा बघितली. बॉल नाम्याच्या पायाशी टाकला. मी सवयीने त्या दोन गाड्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो, तर म्हणाली, "तू सरक."

मी सरकलो. हौसाबाईने चपला काढल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि दोन गाड्यांच्या मध्ये पाय फाकवून, हात पुढे करून, गुडघ्यात वाकून उभी राहिली.

नाम्याने बॉलवर पाय ठेवला. त्याचे डोळे वाहत होते. पुसत होता आणि पुन्हा वाहत होते. जाळीच्या आतून अख्खी पब्लिक, दोन्ही टीम, सोफ्यावरचे पाहुणे, सगळे आमच्याकडे बघत होते. त्याने अगदी हळू, सरपटता, म्हाताऱ्या माणसाला देतात तसा बॉल तिच्याकडे ढकलला.

हौसाबाईने तो पायानेच अडवला आणि रागाने परत त्याच्या अंगावर मारला.

"नीट मार की रं! ती आतली सांगतात तसा ढकलतोस व्हय?"